बर्बनचे पिंप आणि कोकणचा उन्हाळा

आवडती बर्बन कोणती, असा प्रश्न रसिकांना विचारला की उत्तरे निरनिराळी येतात, पण काही नावे बहुतेक यादीत सापडतात. बफेलो ट्रेस, वाइल्ड टर्की १०१, मेकर्स मार्क, फोर रोझेस सिंगल बॅरल, नॉब क्रीक, ब्लँटन्स. यादी संपता संपता पॅपी व्हॅन विंकलचे नाव येते, आणि ते घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती बाटली फक्त फोटोत पाहिलेली असते. मुंबई-पुण्याच्या, नाशिकच्या किंवा मडगावच्या रसिकाला हाच प्रश्न विचारला तर यादी वेगळी होते. तिथे बर्बन म्हणजे बहुधा जिम बीम, आणि मग बोलणे लगेच पॉल जॉन, अमृत, इंद्री यांच्याकडे वळते. या दोन याद्यांचा एकमेकींशी संबंध नाही असे वाटते, पण दोन्हींमध्ये एकच वस्तू आहे, ओकचे पिंप. केंटकीत रिकामे झालेले पिंप गोव्यात येऊन पुन्हा भरले जाते. म्हणून आवडीनिवडीचा हा वाद केंटकीपासून कुंकळ्ळीपर्यंत सलग पाहिला पाहिजे.

आधी बर्बनचे नियम, कारण तिची चव बऱ्याच अंशी या नियमांनीच ठरते. धान्यात निदान ५१ टक्के मका हवा. ऊर्ध्वपातनात दारू ८० टक्क्यांपेक्षा तीव्र होता कामा नये, पिंपात भरताना ती ६२.५ टक्क्यांच्या वर असता कामा नये आणि बाटलीत ४० टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. सगळ्यांत महत्त्वाचा नियम पिंपाचा आहे. ते ओकचे, आतून जाळलेले आणि कोरे असले पाहिजे. १९६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने बर्बन हे त्या देशाचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन असल्याचा ठराव केला, त्यामुळे बर्बन हे नाव लावायचे तर ती अमेरिकेतच झाली पाहिजे. बाटलीवर ‘स्ट्रेट’ लिहिले असेल तर ती पिंपात किमान २ वर्षे राहिलेली असते, आणि वय ४ वर्षांहून कमी असेल तर ते लेबलवर छापावे लागते. १८९७ च्या ‘बॉटल्ड इन बाँड’ कायद्याने यापुढची हमी दिली. एकच डिस्टिलरी, एकच हंगाम, किमान ४ वर्षे आणि बरोबर ५० टक्के अल्कोहोल. त्या काळी व्यापारी रंग, तंबाखूचे पाणी असले काहीबाही मिसळून व्हिस्की म्हणून खपवत. गिऱ्हाइकाला त्यापासून वाचवण्यासाठी हा कायदा झाला.

या चौकटीत फरक पडतो तो उरलेल्या धान्यामुळे. मक्याच्या जोडीला राय हे धान्य घेतले तर मिरीसारखा, दालचिनीसारखा तिखटपणा येतो. वाइल्ड टर्की आणि फोर रोझेस या घराण्यातल्या. रायऐवजी गहू घेतला तर मऊ, गोडसर दारू मिळते. मेकर्स मार्क, वेलर आणि पॅपी या गव्हाच्या. फोर रोझेसमध्ये दोन धान्यमिश्रणे आणि पाच जातींचे यीस्ट यांतून दहा वेगवेगळ्या दारू बनवतात आणि मग त्या एकमेकींत मिसळतात. यीस्टने चव किती बदलते याचा इतका उघड पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल. जॅक डॅनियल्सला बरेच जण बर्बन म्हणतात. ती टेनेसीची असून पिंपात भरण्यापूर्वी साखर-मेपलच्या लाकडाच्या कोळशातून गाळली जाते, आणि तिचे उत्पादक तिला टेनेसी व्हिस्कीच म्हणवतात. तुलना करताना तिला वेगळ्या रांगेत बसवणे बरे.

पिंप कोरेच हवे, या नियमाचा परिणाम जगभर झाला. अमेरिकेत एकदा वापरलेल्या पिंपात पुन्हा बर्बन भरता येत नाही, म्हणून सुमारे २०० लिटरची ही पिंपे विकली जातात. स्कॉटलंड, आयर्लंड, जपान, तैवान, बंगळूर आणि गोवा असा त्यांचा प्रवास आहे. अमेरिकन पांढऱ्या ओकचे लाकूड आतून जाळले की त्यातल्या लिग्निनपासून व्हॅनिलाचा वास तयार होतो, लाकडातल्या साखरा जळून काकवीसारखी चव येते आणि लॅक्टोन नावाच्या संयुगांमुळे चक्क ओल्या खोबऱ्याचा वास लागतो. बर्बनमध्ये हे सगळे पहिल्या धारेचे, म्हणून ठसठशीत. पिंप गोव्याला पोचेपर्यंत त्यातला बराच अर्क निघून गेलेला असतो, आणि जो उरतो तो सातूच्या माल्टवर कुरघोडी न करता त्याला साथ देतो.

आता उन्हाळ्याकडे. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलेल्या प्रत्येकाने हवेतला फरक अंगावर घेतला आहे. खाली सावित्रीच्या खोऱ्यात मे महिन्यात कपडे अंगाला चिकटतात आणि वर संध्याकाळी शाल लागते. एकाच दिवशी भरलेली दोन सारखी पिंपे, एक पोलादपूरला आणि एक महाबळेश्वरला, पाच वर्षे ठेवली तर त्यांतून दोन वेगळ्या व्हिस्की निघतील. उष्णतेने दारू फुगून लाकडात शिरते, थंडाव्याने आकसून बाहेर येते आणि येताना लाकडातला अर्क घेऊन येते. हवा जितकी गरम तितका हा व्यवहार जोरात, आणि तितकीच दारू वाफ होऊन उडते. उडणाऱ्या या वाट्याला डिस्टिलरीवाले देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडमध्ये तो वर्षाला साधारण २ टक्के धरतात, केंटकीत ४ च्या आसपास, गोव्यात ८ च्या आसपास. हिशोब करून पाहा. २०० लिटरच्या पिंपात १२ वर्षांनी स्कॉटलंडमध्ये सुमारे १५७ लिटर उरतील, केंटकीत १२३, आणि गोव्यात जेमतेम ७४. म्हणून गोव्याची व्हिस्की १२ किंवा १८ वर्षांची म्हणून सहसा मिळत नाही. पाच-सहा वर्षांतच तिला लाकडाकडून हवे ते मिळून जाते, त्यानंतर लाकूड तिला कडू करू लागते. बंगळूरच्या अमृतने ‘ग्रीडी एंजल्स’ नावाने ८ वर्षांची आणि पुढे त्याहून जुनी बाटली काढली, तेव्हा नाव अगदी चपखल होते. पिंपातला मोठा वाटा तोवर देवदूतांनी नेला होता.

स्कॉचची सवय असलेला माणूस बाटलीवर वयाचा आकडा शोधतो आणि तो नसला की नाक मुरडतो. माझ्या मते आपल्याकडच्या तुलनेतली सगळ्यांत मोठी चूक हीच आहे. वय हे थंड प्रदेशातले माप आहे. केंटकीच्या उंच गोदामांतही वरच्या मजल्यावरचे पिंप खालच्यापेक्षा लवकर पिकते आणि तिथले बर्बनवाले पिंप कोणत्या मजल्यावरचे हे विचारतात. हवा कोरडी असेल तर पाणी जास्त उडते आणि तीव्रता चढते, दमट असेल तर अल्कोहोल जास्त उडते. एवढे सगळे बदलते असताना फक्त वर्षे मोजून काय कळणार? तैवानची कावालान याच उष्ण हवेतली. जानेवारी २०१० मध्ये स्कॉटलंडमध्ये बर्न्स नाइट या तिथल्या सणाच्या निमित्ताने झालेल्या एका आंधळ्या चाचणीत तिने स्कॉचना मागे टाकले, तेव्हा ती अवघी काही वर्षांची होती.

आंधळ्या चाचणीचा असाच फायदा अमृतलाही झाला. कंपनी १९४८ ची, राधाकृष्ण जगदाळे यांनी बंगळुरात सुरू केलेली. बरीच वर्षे तिचा धंदा ब्रँडी, रम आणि साध्या व्हिस्कीचा होता. नीळकंठराव जगदाळे यांच्या कारकिर्दीत, त्यांचा मुलगा रक्षित इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला शिकत असताना, भारतीय सिंगल माल्ट तिथे विकता येईल का याचा अभ्यास झाला आणि नाव न सांगता नमुने चाखवले गेले. चाखणाऱ्यांना ते भारतातले वाटले नाहीत. ऑगस्ट २००४ मध्ये ग्लासगोत अमृत सिंगल माल्ट बाजारात आली. भारतात ती मिळू लागायला आणखी काही वर्षे गेली. २००९ मध्ये आलेली ‘फ्यूजन’ भारतीय सातू आणि स्कॉटलंडहून आणलेला धुरकट सातू यांच्या मेळातून केलेली होती. जिम मरे यांच्या ‘व्हिस्की बायबल’च्या २०१० च्या आवृत्तीत तिला ९७ गुण आणि जगात तिसरा क्रमांक मिळाला. एका समीक्षकाच्या गुणांना किती महत्त्व द्यायचे यावर वाद होऊ शकतो. पण भारतीय दुकानदाराने अमृत वरच्या फळीवर मांडायला सुरुवात केली ती त्यानंतरच, हे नाकारता येत नाही.

पॉल जॉनकडे मी जास्त जागा देतो, कारण ती कोकणपट्टीतली आहे आणि बर्बनशी तिचे नाते सगळ्यांत जवळचे आहे. दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीत तिची डिस्टिलरी आहे, मालक जॉन डिस्टिलरीज, आणि ज्यांच्या नाकावर ही व्हिस्की उभी राहिली ते मास्टर डिस्टिलर मायकल डिसोझा. ऑक्टोबर २०१२ मध्ये ती पहिल्यांदा लंडनमध्ये विकायला ठेवली गेली. बफेलो ट्रेसची मालक सॅझरॅक कंपनी हिचा पुढे जॉन डिस्टिलरीजमध्ये हिस्सा आला. केंटकी आणि कुंकळ्ळी आता पिंपांइतक्याच भागभांडवलानेही जोडल्या गेल्या आहेत. सातू भारतातला, सहा ओळींच्या कणसाचा. या जातीत स्टार्च कमी म्हणून दारूचा उतारा कमी, पण प्रथिने आणि तेल जास्त म्हणून घोट दाट.

तिच्या बाटल्यांमध्ये रसिकांचे सरळ तट पडतात. ‘निर्वाणा’ ४० टक्क्यांची, सोपी, नवख्यासाठी. मला ती पातळ वाटते. ‘ब्रिलियन्स’ ४६ टक्क्यांची, धूर नसलेली, बर्बनच्या पिंपातली. मध, भाजलेला काजू आणि शेवटी सुंठेची हलकी ऊब. ‘एडिटेड’मध्ये थोडा धूर, ‘बोल्ड’मध्ये भरपूर. हा धूर पीटचा. दलदलीत हजारो वर्षे साचून काळी झालेली वनस्पतींची माती म्हणजे पीट, ते जाळून सातू वाळवला की धुराचा वास दारूपर्यंत येतो. आपल्याकडे असे पीट नाही, ते स्कॉटलंडहून आणावे लागते. धुराच्या भक्तांना ‘बोल्ड’ आवडते, आणि बर्बनकडून आलेल्या माणसाला बहुधा ती आवडत नाही, कारण बर्बनमध्ये धूर नसतोच. ‘क्लासिक सिलेक्ट कास्क’ ५५.२ टक्क्यांची, आणि माझ्या मते या घरातली सर्वांत पूर्ण. तिच्यात उष्ण हवेचा दोष दिसत नाही, गुण दिसतो. ‘मिथुना’ला मरे यांच्या २०२१ च्या आवृत्तीत जगात तिसरे स्थान मिळाले. ती चांगली आहे, पण तिच्या किमतीत ‘क्लासिक’च्या दोन बाटल्या येत असतील तर मी त्याच घेईन.

हरियाणात कर्नाल जिल्ह्यात होणारी इंद्री २०२१ नंतर फार वेगाने पुढे आली. तिच्या ‘त्रिनी’त बर्बन, फ्रेंच वाइन आणि शेरी अशी तीन पिंपे एकत्र येतात. २०२३ मध्ये तिच्या दिवाळी आवृत्तीला अमेरिकेतल्या ‘व्हिस्कीज ऑफ द वर्ल्ड’ स्पर्धेत सर्वोत्कृष्ट ठरवले गेले, आणि मग दुकानांत तिच्यासाठी रांगा लागल्या. चवीला ती गोड आणि मोकळी आहे, पण रांग लावण्याइतकी नाही.

महाराष्ट्रही या नकाशावर आला आहे. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीत पर्नो रिका कंपनीची ‘लाँगिट्यूड ७७’ बनते, तीही अमेरिकन पिंपात मुरून वाइनच्या पिंपात संपवलेली. नागपूरजवळ बुटीबोरीला याच कंपनीने २०२४ मध्ये माल्ट डिस्टिलरीची घोषणा केली. विदर्भाचा कोरडा उन्हाळा आणि गोव्याची दमट हवा यांत पिकलेल्या दोन माल्ट शेजारी ठेवता येतील, तो दिवस मला बघायचा आहे. डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीने २०२४ मध्ये ‘क्रेझी कॉक’ ही सिंगल माल्ट आणि ‘सिक्स ब्रदर्स महुरा’ ही मोहाची दारू बाजारात आणली. दुसरी जास्त महत्त्वाची. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८९२ च्या कायद्याने मोहाची फुले साठवण्यावर बंधने घातली आणि आदिवासींच्या घरची गोष्ट गुन्हा ठरली. त्या फुलांची दारू आज काचेच्या देखण्या बाटलीत मानाने विकली जाते, तेव्हा फुले वेचणाऱ्या हातांपर्यंत त्या मानाचा आणि पैशाचा किती भाग पोचतो, हेही रसिकांनी विचारले पाहिजे.

गोव्याच्या फेणीला मात्र पिंप लागत नाही. काजूच्या बोंडूंचा रस आंबवून भट्टीवर चढवला की पहिल्या खेपेला हलका उर्राक आणि दुसऱ्या खेपेला फेणी. सगळी चव फळाची, मडक्याची आणि भट्टीवाल्याच्या हाताची. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वेंगुर्ला-दोडामार्गच्या बागांत तेच बोंडू कित्येक वर्षे झाडाखाली सडत राहिले, कारण सीमेच्या अलीकडे कायदा वेगळा.

कायद्याचा हा भाग टाळता येत नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी अधिनियम अजून लागू आहे. पिण्यासाठी परवाना लागतो आणि विदेशी दारूसाठी वय २५ पूर्ण असावे लागते. गोव्यात कर कमी, म्हणून तिथली बाटली स्वस्त. तीच बाटली परवानगीशिवाय गाडीत टाकून बांद्याची हद्द ओलांडली की ती ‘गोवा बनावटीची दारू’ होते आणि महाड-पोलादपूरवरून मुंबईकडे येणाऱ्या महामार्गावर कुठेही जप्त होऊ शकते. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने बर्बनवरचे आयातशुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले. त्याच वर्षी जुलैत ब्रिटनशी झालेल्या करारात स्कॉचवरचे शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचे ठरले. म्हणजे गोव्याच्या माल्टला पुढची स्पर्धा आपल्याच दुकानात, आपल्याच फळीवर आहे.

आणि दारूवर लिहिताना तिने केलेली घरांची नासाडी न लिहिणे मला अप्रामाणिक वाटते. रायगडच्या आणि आसपासच्या गावांतल्या बायकांनी हातभट्ट्या फोडल्या आहेत. आडव्या बाटलीला मते देऊन दुकाने बंद करण्याचा हक्क महाराष्ट्रातल्या बायकांनी वापरला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की आरोग्याला सुरक्षित असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही. म्हणून मी ज्या तुलनेबद्दल लिहितो आहे ती २० मिलीलिटरची आहे, आणि जो पीत नाही त्याने हे वाचून सुरुवात करू नये.

रसिकांच्या याद्यांना सर्वांत जास्त वळण कशाने मिळते? माझे उत्तर, दुर्मिळतेने. पॅपी आणि वेलर एकाच डिस्टिलरीतल्या, एकाच गव्हाच्या मिश्रणाच्या. पिंप, मजला आणि वर्षे वेगळी, म्हणून फरक आहे, पण किमतीत जितका आहे तितका चवीत नाही. २०१३ मध्ये बफेलो ट्रेसमधून पॅपीच्या पेट्या चोरीला गेल्याची बातमी जगभर झाली आणि किमती आणखी चढल्या. ब्लँटन्स १९८४ मध्ये मास्टर डिस्टिलर एल्मर टी. ली यांनी आणली, एकाच पिंपातून भरलेली बर्बन म्हणून विकली गेलेली ही पहिली मोठी बाटली. तिच्या बुचावरच्या घोडेस्वारांचा अक्षरसंच जमवण्यासाठी लोक बाटल्या घेतात. तो छंद आहे, त्याला चवीचा निकाल समजू नये. उलट मेकर्स मार्कचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. फेब्रुवारी २०१३ मध्ये मागणी पुरी पडेना म्हणून कंपनीने ४५ टक्क्यांची दारू ४२ वर आणायची ठरवली. पिणाऱ्यांनी इतकी ओरड केली की आठवड्याभरात निर्णय मागे घेतला गेला. रसिकांनी चवीसाठी दाखवलेली ताकद ती हीच.

तुलना करायची असेल तर रीत साधी आहे. खालून फुगीर, वर निमुळते सारखे पेले घ्यावेत. दारू दुसऱ्या कोणीतरी ओतावी आणि पेल्याखाली खूण लपवावी. तीव्रता सारखी करावी. ‘क्लासिक’च्या २० मिलीलिटरमध्ये ४ मिलीलिटर पाणी घातले की ती बरोबर ४६ टक्क्यांवर येते आणि ‘ब्रिलियन्स’शेजारी बसते. असे केले नाही तर तीव्र दारू नेहमीच जास्त चवदार वाटते. बर्फ आणि सोड्यात काही वाईट नाही, आपल्या हवेत ते शहाणपणाचेच आहे, पण तुलनेच्या वेळी ते बाजूला ठेवावेत. शेंगदाणे आणि चकलीही नंतर. एका बैठकीत चारांपेक्षा जास्त पेले नकोत, त्यापुढे नाक काम करत नाही. आणि खात्री हवी असेल तर तीन पेले मांडावेत, दोनांत एकच दारू आणि तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला कोणता हे वारंवार ओळखता आले नाही, तर त्या दोन बाटल्यांच्या किमतीतला फरक तुम्ही चवीसाठी देत नाही.

भारतीय उत्पादकांकडे रसिकांनी एक मागणी धरली पाहिजे. पिंपात भरल्याचे वर्ष, बाटलीत भरल्याचे वर्ष, पिंपाचा प्रकार आणि ते कोणत्या गावी ठेवले होते, एवढे लेबलवर छापा. आपल्या हवेत वयाचा आकडा लहानच येणार, पण तो लपवण्यात कमीपणा आहे, सांगण्यात नाही. ‘बॉटल्ड इन बाँड’ने अमेरिकेत जे विश्वासाचे काम केले ते इथे कायदा होईपर्यंत उत्पादक स्वतःहून करू शकतात.

दोनच बाटल्यांनी सुरुवात करायची असेल तर मेकर्स मार्क आणि पॉल जॉन ब्रिलियन्स शेजारी ठेवा. एक ४५ टक्क्यांची, दुसरी ४६ ची, त्यामुळे पाणी मोजत बसावे लागत नाही. पहिली कोऱ्या पिंपातली, दुसरी वापरलेल्या. माझा कौल ब्रिलियन्सला आहे, आणि तुम्ही तुमचा कौल बाटल्या झाकूनच द्या.